पी.टी.तून सुटीचा दाखला

जूनच्या अखेरीस विदर्भातल्या शाळा उघडतात आणि पंधरा दिवसांच्या आत माझ्या जठारपेठेतल्या दवाखान्यात एक ठरावीक मागणी सुरू होते. मुलाला ताप नसतो, खोकला नसतो, जुलाब नसतात. ते चांगले धडधाकट समोरच्या स्टुलावर बसलेले असते आणि वडील म्हणतात, "डॉक्टरसाहेब, याले पी.टी.तून सूट पायजे जी. एक दाखला लिहून द्या, बस." कारणे वर्षानुवर्षे तीच. याच्यानं पळनं होत नाही. उन्हानं डोकं दुखते. पहिलेपासूनच नाजूक आहे. आणि अलीकडे सर्वांवर वरचढ ठरलेले कारण म्हणजे, "दहावीचं वर्ष आहे, पाच वाजता क्लास असते, खेळून गेलं का तिथं झोपा काढते."

दाखला देण्यापूर्वी मी मुलाला तपासतो. वजन, उंची, रक्तदाब, छाती, हृदयाचे ठोके, डोळ्याच्या पापणीची आतली बाजू. मग त्याला जिना दोनदा चढून उतरायला सांगतो. बहुतेक मुलांत दाखला देण्यासारखे काही सापडत नाही. सापडते ते एवढेच, की एक जिना दोनदा चढलेल्या तेरा वर्षांच्या मुलाची धाप पाच मिनिटे थांबत नाही. म्हणजे ज्याला पळता येत नाही त्यालाच पळण्याच्या तासातून वगळा, अशी ही मागणी आहे. ज्याला वाचता येत नाही त्याला वाचनाच्या तासाला घरी पाठवा, असे कोणी पालक म्हणत नाहीत. पी.टी.च्या बाबतीत मात्र आपण सगळे बिनदिक्कत म्हणतो. सबब या आठवड्यात सुटीचा हा दाखला कोणाला द्यावा आणि कोणाला देऊ नये, याविषयी लिहितो.

आधी एक उलट उदाहरण सांगतो. पुण्याहून बदली होऊन आलेले एक बँक अधिकारी आपल्या आठवीतल्या मुलाला घेऊन आले होते. मुलाला लहानपणापासून दमा. मला वाटले, हेही दाखलाच मागणार. पण त्यांची तक्रार वेगळी होती. पुण्यात हा मुलगा जेझुइट फादरांच्या शाळेत होता. तिथे दमा असो की चष्मा असो, प्रत्येक मुलाला मैदानात उतरावे लागे. खेळाच्या सरांना त्याचा दमा ठाऊक होता आणि दम्याचा पंप मैदानाच्या कडेला दप्तरात तयार असे. अकोल्याच्या नव्या शाळेत मात्र दमा आहे म्हटल्याबरोबर त्याला वर्गात बसवून ठेवू लागले. "आता हा बसून बसून जास्त धापा टाकतो, काय करावे?" असा त्यांचा प्रश्न होता. प्रश्न अगदी बरोबर होता. औषध नीट चालू असलेल्या दमेकरी मुलाला खेळाने अपाय होत नाही. बसवून ठेवल्याने मात्र होतो.

आपल्याकडे कॉन्व्हेंट म्हटले की सगळे मिशनरी एकच वाटतात. तसे नाही. त्यांच्यात अनेक पंथ आहेत आणि शिक्षणात मुरलेला त्यातला एक मोठा पंथ म्हणजे जेझुइट, म्हणजे येशूसंघ. त्याचे संस्थापक इग्नेशियस लोयोला. या गृहस्थांची कथा डॉक्टराने सांगावी अशीच आहे. स्पेनमधल्या बास्क मुलखातला हा सरदारपुत्र. १५२१ साली पाम्प्लोनाच्या वेढ्यात तोफगोळ्याने त्याचा पाय मोडला. हाड वेडेवाकडे जुळले आणि त्याचा एक तुकडा कातडीखाली वर येऊन राहिला. तो दिसायला वाईट दिसतो म्हणून त्याने हाड कापून घेतले. भूल देण्याची विद्या त्यानंतर तीनशे वर्षांनी आली, हे लक्षात घ्या. पुढे जन्मभर तो लंगडतच चालला. अंथरुणावर पडल्या पडल्या धर्मग्रंथ वाचून त्याचे मन पालटले आणि नंतर मान्रेसा गावी त्याने इतके कडक उपासतापास केले, की पोटाचे दुखणे कायमचे मागे लागले. १५५६ साली तो रोममध्ये वारला, तेव्हा रेआल्दो कोलोम्बो या त्या काळच्या नामांकित शरीरशास्त्रज्ञाने त्याचे शवविच्छेदन केले. आत बरेच खडे सापडले. दुखणे किती उपासाचे आणि किती खड्यांचे, हा वाद आता कशाला!

महत्त्वाचे पुढेच आहे. स्वतःच्या देहाचे असे हाल करून घेतलेल्या या माणसाने आपल्या संघाची घटना लिहिली, तेव्हा तिच्यात शरीराची निगा राखण्याविषयी वेगळे प्रकरण घातले. त्याचा आशय असा, की आरोग्याची आणि ताकदीची काळजी घेणे ही चांगली गोष्ट आहे आणि ती सर्वांनी घ्यावी. शरीर मोडेल इतके कष्ट कोणावर लादू नयेत. परंतु थोडाफार व्यायाम सर्वांनाच हितकर आहे, ज्यांना डोक्याचे काम करायचे आहे त्यांनाही. अभ्यास मध्ये मध्ये थांबवून हातापायांची हालचाल करावी. पावणेपाचशे वर्षांपूर्वीचा हा मजकूर एखाद्या डॉक्टराच्या चिठ्ठीवर शोभेल. आपल्या शरीराला किती ताणले म्हणजे ते तुटते, हे त्याला स्वतःच्या अनुभवावरून कळले असावे, असा माझा तर्क आहे.

जेझुइटांनी मुलांची पहिली शाळा १५४८ साली सिसिली बेटावरच्या मेस्सिना शहरात काढली. १५९९ साली त्यांच्या सर्व शाळांसाठी एक नियमावली तयार झाली. तिच्यात कोणत्या वर्गात काय शिकवायचे हे तर होतेच, पण आठवड्यात विश्रांतीसाठी सुटी किती द्यायची हेही ठरवून दिले होते. आमच्या शिकवणीवाल्यांनी ते वाचावे. रविवारी सकाळी सात वाजता चाचणी परीक्षा ठेवणाऱ्या क्लासला ही नियमावली परवडणार नाही.

आपल्या महाराष्ट्रात जेझुइटांच्या शाळा दीडशे वर्षांहून जुन्या आहेत. वांद्र्याची सेंट स्टॅनिस्लॉस १८६३ सालची, माझगावची सेंट मेरीज १८६४ ची, पुण्याची सेंट व्हिन्सेंट्स १८६७ ची आणि मुंबईच्या धोबीतलावाची सेंट झेवियर्स १८६९ ची. पुढे १९४३ साली मुंबईत कॅम्पियन आणि १९६१ साली पुण्याच्या पाषाण रस्त्यावर लोयोला निघाली. स्टॅनिस्लॉसची मुले हॉकीत नावाजलेली, लोयोला आणि व्हिन्सेंट्सची फुटबॉलमध्ये. सुनील गावसकर सेंट झेवियर्सचे विद्यार्थी. शाळेकडूनच ते क्रिकेट खेळत पुढे आले, हे क्रिकेटवेड्या वाचकांना सांगायला नको.

पण मला गावसकरांविषयी लिहायचे नाही. शाळेने एक गावसकर दिला तर आनंदच आहे. डॉक्टर म्हणून मला त्या वर्गातली उरलेली पन्नास मुले महत्त्वाची वाटतात, जी पुढे कारकून झाली, वकील झाली, दुकानदार झाली. त्यांची पन्नाशीनंतरची साखर, रक्तदाब, गुडघे आणि कंबर कशी राहते, यावर शाळेच्या मैदानाचा खरा हिशेब लागतो. जेझुइटांच्या जगभरच्या शाळांसाठी १९८६ साली त्यांच्या प्रमुखांच्या मान्यतेने एक मार्गदर्शक पुस्तिका निघाली. तिच्यातही ढाली-करंडकांवर भर नाही. संपूर्ण माणूस घडवायचा तर त्याचे शरीरही घडवले पाहिजे. खेळाने यश आणि अपयश दोन्ही नीट पचवता येतात, आणि प्रत्येकातले चांगले ते वापरून सर्वांनी मिळून काम कसे करावे हे कळते, अशी तिची मांडणी आहे. यातला 'प्रत्येक' हा शब्द मला फार मोलाचा वाटतो.

आपल्या शाळांत काय होते? क्रीडा सप्ताहात पंधरा-वीस मुले पळतात आणि सहाशे मुले दोरीमागे उभी राहून टाळ्या वाजवतात. ठरावीक स्तरावर खेळलेल्या दहावी-बारावीच्या खेळाडूंना मंडळाच्या परीक्षेत वाढीव गुण मिळतात, त्यामुळे शाळेचे लक्ष त्या मूठभर मुलांवर असते. बाकीच्यांना वर्षाअखेरीस बसल्या जागी श्रेणी मिळते. पी.टी.चा तास गणिताचे सर मागून घेतात, आणि पी.टी.चे सर कुठे असतात? निवडणुकीच्या याद्या, शिष्यवृत्तीचे अर्ज, गणवेशाचे वाटप. एवढे करून वेळ उरला तर स्वातंत्र्यदिनाची कवायत. त्या बिचाऱ्यांना मी दोष देत नाही. त्यांच्या हातात शिट्टी आहे, पण मुले नाहीत.

कोणी म्हणेल, डॉक्टरसाहेब, मुंबई-पुण्याच्या कॉन्व्हेंटची गोष्ट सोडा, त्यांच्याकडे मैदाने आहेत आणि फी भरणारे पालक आहेत. तर मग आपल्या वऱ्हाडातलेच पाहू. इथून शंभरेक किलोमीटरवर अमरावतीला १९१४ साली वैद्य बंधूंनी, म्हणजे अंबादासपंत आणि अनंतराव वैद्यांनी, हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू केले. सुरुवात आखाड्याने झाली. याच मंडळाचा चमू १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जर्मनीला गेला आणि तिथे त्याने आपल्या देशी खेळांची आणि व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके करून दाखवली. कबड्डी त्या लोकांनी तेव्हा पाहिली. पण माझ्या मते त्याहून मोठे काम म्हणजे व्यायाम शिक्षक तयार करण्याचे. मंडळाने उन्हाळी वर्ग घेतले, पुढे महाविद्यालय काढले, आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतल्या शाळांना पी.टी.चे शिक्षक अमरावतीहून मिळाले. व्यायाम ही पैलवानाची मिरास नाही, शाळेत जाणाऱ्या प्रत्येक पोराची आहे, हे ज्या मुलखाने इतरांना शिकवले त्याच मुलखातले पालक आज माझ्याकडे सुटीचा दाखला मागतात.

आता थोडे वैद्यकाचे. पाच ते सतरा वर्षांच्या मुलाने रोज सरासरी एक तास, धाप लागेल आणि घाम येईल इतपत हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितले आहे. त्यातले निदान तीन दिवस हाडांना आणि स्नायूंना जोर लागेल असे काही असावे. उड्या, चढणे, ओढणे, दंड-बैठका. जगभरच्या शाळकरी मुलांची २०१६ पर्यंतची आकडेवारी एकत्र केली, तेव्हा अकरा ते सतरा वर्षांच्या मुलांपैकी ८१ टक्के मुले एवढीही हालचाल करीत नाहीत असे आढळले. मुली मुलांपेक्षा मागे.

हाडांचे गणित तर बँकेतल्या ठेवीसारखे आहे. हाडांत चुन्याचा जो साठा होतो, त्याचा फार मोठा भाग विशीच्या आत होऊन जातो. त्यातही वयात येण्याची तीन-चार वर्षे महत्त्वाची, म्हणजे नेमकी सातवी ते दहावी. पुढे साठीत घसरून पडल्यावर खुब्याचे हाड मोडणार की नाही, याची तयारी दोरीच्या उड्यांच्या वयात होत असते. मुलीच्या आईने हे विशेष लक्षात घ्यावे. मुलगी मोठी झाली की तिचे पळणे-उड्या मारणे आपण पहिल्यांदा बंद करतो, आणि नेमकी तीच वेळ हाडे भरण्याची असते.

डोळ्यांचेही तसेच. आठवी-नववीच्या वर्गात चष्मे किती वाढले आहेत ते पाहा. नुसत्या मोबाइलला दोष देऊन भागत नाही. उघड्यावर, दिवसाच्या उजेडात जाणारा वेळ कमी झाला, की जवळचे तेवढे दिसणारे डोळे वाढतात, हे आता पुरेसे सिद्ध झाले आहे. तैवानने २०१० पासून शाळांतल्या मुलांना रोज दोन तास वर्गाबाहेर काढण्याची मोहीम चालवली, ती खेळाडू तयार करण्यासाठी नव्हे, चष्मे रोखण्यासाठी. पी.टी.चा तास वर्गात बसून गणितात घालवला, तर गणितही फारसे वाढत नाही. खेळाला वेळ दिल्याने परीक्षेतले गुण घटत नाहीत, असेच निरनिराळ्या देशांतल्या अभ्यासांतून दिसले आहे. क्लासमध्ये झोप येणाऱ्या मुलाची मी चौकशी करतो, तेव्हा ते रात्री साडेबारापर्यंत जागे असते असे निघते. त्या झोपेचे खापर खेळावर फोडू नये. खेळलेले मूल रात्री लवकर झोपते, हा अनुभव प्रत्येक आजीला आहे.

आणखी एक गोष्ट आपल्या भागासाठी सांगायलाच हवी. वऱ्हाडातल्या हजारो घरांतून मुले-मुली पोलीस आणि सैन्य भरतीला उभी राहतात. शाळेत दहा वर्षे धड न पळालेला मुलगा भरतीची जाहिरात निघाल्यावर महिनाभर पहाटे रस्त्यावर पळतो आणि एकदम परीक्षेला उतरतो. २०१४ च्या जून महिन्यात मुंबईच्या पोलीस भरतीत पाच किलोमीटरच्या धावण्यात काही उमेदवार कोसळून दगावले. त्यानंतर ते अंतर कमी करण्यात आले. अंतर कमी केले ते योग्यच झाले. पण हृदय आणि फुप्फुसे महिनाभरात तयार होत नाहीत, आणि उन्हाची सवय अंगाला व्हायलाही दहा-बारा दिवस हळूहळू मेहनत वाढवावी लागते.

मग दाखला कोणालाच द्यायचा नाही का? द्यायचा. पळताना चक्कर येऊन पडलेले मूल, जोर केला की छातीत दुखते असे सांगणारे मूल, किंवा ज्याच्या घरी तरुण वयात कोणी अचानक दगावले आहे असे मूल, यांना मी त्याच दिवशी खेळ बंद करायला सांगतो. हृदयाचा आलेख आणि टू-डी इको होईपर्यंत मैदान नाही. इथे पालक उलट निष्काळजी असतात, "उपाशी होता म्हणून पडला" म्हणून सोडून देतात. उभे असताना पडणे वेगळे आणि ऐन पळताना पडणे वेगळे, एवढे ध्यानात ठेवावे. घसा दुखून गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी एकेक सांधा सुजू लागला आणि मूल दमू लागले, तर तो संधिवाताचा ताप असू शकतो. तो हृदयाच्या झडपांवर जातो. त्यात विश्रांती हवी, आणि नंतर दर तीन आठवड्यांचे पेनिसिलीनचे इंजेक्शन चुकता कामा नये. कोणताही ताप अंगात असताना खेळ नाही. टायफॉइड, डेंग्यू, कावीळ यांतून उठलेल्या मुलाला भूक पूर्ववत होऊन अंगात त्राण येईपर्यंत थांबवावे. पण तिथेही माझ्या दाखल्यावर तारीख असते. 'पंधरा दिवस' लिहिलेले असते, 'वर्षभर' नाही.

बाकी बऱ्याच मुलांना सूट लागत नाही, थोडी सोय लागते. दमेकरी मुलाने डॉक्टरने सांगितलेला पंप खेळण्याआधी दहा-पंधरा मिनिटे घ्यावा, एकदम पळत न सुटता आधी चालून, हातपाय हलवून अंग गरम करावे. मिरगीच्या मुलाला मल्लखांबावर, दोरावर चढवू नये आणि पाण्यात एकटे सोडू नये. कबड्डी, लंगडी, पळणे त्याला मोकळे आहे. इन्शुलिन घेणाऱ्या मुलाच्या खिशात ग्लुकोज असावे आणि त्याला घाम फुटून ते बावरले तर काय करायचे हे सरांना ठाऊक असावे. सपाट तळवे दुखत नसतील तर त्यांचे काही करायचे नसते. छातीवर आवाज ऐकू येतो म्हणून कोणी घाबरवले असेल तर एकदा तज्ज्ञाकडून खात्री करून घ्यावी. लहान मुलांत असे आवाज पुष्कळदा निर्दोष असतात आणि त्यापायी मुलाला आयुष्यभर हृदयरोगी ठरवणे हा अन्याय आहे.

सिकलसेलविषयी विदर्भात वेगळे लिहिले पाहिजे. केंद्र सरकारने २०२३ च्या जुलैत या आजाराच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली, तेव्हापासून तपासणी झालेली पुष्कळ मुले आता कार्ड घेऊन येतात. नुसता वाहक असलेला मुलगा आणि आजार असलेला मुलगा यांत गल्लत करू नये. वाहक सर्व खेळ खेळू शकतो. फक्त तयारीशिवाय, तहानलेल्या पोटी, भर उन्हात जिवाच्या आकांताने पळण्याची शर्यत त्याने टाळावी. आजार असलेल्या मुलानेही खेळावे, परंतु आपल्या दमाने. त्याला मागेल तेव्हा पाणी मिळावे, मागेल तेव्हा बसता यावे आणि हातपाय दुखू लागले की कोणी "नाटकं करू नको" म्हणू नये. थंडीत गारठलेल्या पाण्यात त्याला उतरवू नये. एवढे जमणारी शाळा असेल तर त्या मुलाचा तास बुडवायचे कारण नाही.

मुलींच्या बाबतीत सर्वांत जास्त दाखले पाळीच्या कारणाने मागितले जातात. पाळीत खेळल्याने काही बिघडत नाही. अनेकींचे ओटीपोट दुखणे हालचालीने कमीच होते. ज्या दिवशी नकोसे वाटेल त्या दिवशी तिने बसावे, त्याला डॉक्टरचा कागद कशाला? अडचण निराळीच असते आणि ती मुलगी डॉक्टरला सांगत नाही. शाळेत मुलींचे संडास बंद असते, नळाला पाणी नसते, ओढणी सावरत पळावे लागते आणि पटांगणाच्या भिंतीवर मुले बसलेली असतात. हे औषधाने बरे होणारे दुखणे नाही. मुख्याध्यापकांनी मनावर घेतले तर आठवड्यात बरे होईल. दुसरी गोष्ट रक्ताची. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणीस वर्षांच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींत रक्तक्षय आढळला. धाप लागणाऱ्या मुलीला सूट देण्याआधी तिचे हिमोग्लोबिन पाहावे, जंताची आणि लोहाची गोळी द्यावी, चहा जेवणाबरोबर देणे बंद करावे आणि महिन्या-दोन महिन्यांनी तिलाच विचारावे.

स्थूल मुलाची गोष्ट मनाला लागते. त्याला पळण्याची भीती नसते, हसण्याची भीती असते. "हत्ती आला" हे एकदा ऐकले की ते मूल पोटदुखी घेऊन माझ्याकडे येते. अशा मुलाला पहिल्या दिवशी शंभर मीटर पळवणारे शिक्षक आपला विद्यार्थी कायमचा गमावतात. त्याला गोळाफेक द्यावी, रस्सीखेचीत शेवटचा गडी करावे. तिथे त्याचे वजन संघाच्या कामाला येते. मुलांचे चार गट पाडून वर्षभर आपसांत सामने लावण्याची जी पद्धत अशा मिशनरी शाळांत असते, तिचा फायदा इथे होतो. आपल्या गटाचा प्रत्येक गुण मोजला जातो म्हटल्यावर मुलेच एकमेकांना ओढून मैदानावर आणतात. आणि कृपा करून शिक्षा म्हणून उठाबशा आणि मैदानाच्या फेऱ्या देऊ नका. गृहपाठ न केल्याबद्दल व्यायाम करायला लावला, की व्यायाम ही शिक्षा आहे असे मुलाच्या मनावर ठसते, ते पुढे पन्नाशीत त्याला मधुमेह झाल्यावर मला पुसून काढावे लागते.

मैदान नाही ही तक्रार खरी आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला खेळाचे मैदान असावे असे म्हटले आहे. सहावी ते आठवीत शंभरावर मुले असतील तर आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे. प्रत्यक्षात गल्लीतल्या दुमजली घरात भरणाऱ्या शाळा आपण रोज पाहतो. पालकांनी प्रवेश घेताना संगणक किती आहेत हे विचारले, तसे मैदान कुठे आहे हेही विचारावे. तोवर अंगणाएवढ्या जागेत सूर्यनमस्कार होतात, लंगडी होते, दोरीच्या उड्या होतात, लेझीम होते. चाळीस मुले आणि दहा दोऱ्या असल्या तरी पस्तीस मिनिटांत सगळ्यांना घाम फुटतो. लेझमीला तर बसून राहणारे मूलही आपोआप उठते.

वेळ मात्र जपावी. आपल्याकडे मार्चपासून आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये दुपारचे ऊन सोसवत नाही. पी.टी.चा तास जेवणाच्या सुटीनंतर लावणाऱ्याने स्वतः एकदा त्या वेळी पटांगणात उभे राहून पाहावे. सकाळची शाळा असेल तर पहिला तास, दुपारची असेल तर शेवटचा. तासाआधी आणि तासाच्या मध्ये पाणी. खेळताना पाणी प्यायल्याने पोटात गोळा येतो म्हणून मुलांना तहानलेले ठेवणारे शिक्षक अजून आहेत. घोट घोट पाणी प्यावे, त्याने काही होत नाही.

येत्या १५ ऑगस्टला बहुतेक शाळांत दोन-चार मुले पडतील. पाहुणे उशिरा येतात, भाषणे लांबतात आणि मुले 'सावधान'मध्ये ताठ उभी असतात. ताठ उभे राहिले की रक्त पायांत साचते आणि मेंदूला कमी पडते. चालताना पोटऱ्यांचे स्नायू ते रक्त पिळून वर ढकलतात, उभ्या मुलाचे ते काम थांबलेले असते. म्हणून मुलांना सावलीत उभे करावे, काहीतरी खाऊन यायला सांगावे, मधून मधून टाचा उचलायला आणि बोटे हलवायला सांगावे, आणि पाहुणे येईपर्यंत खाली बसू द्यावे. मूल पडलेच तर त्याला उचलून उभे करू नये, खुर्चीत बसवू नये, बेशुद्ध असताना तोंडात पाणी ओतू नये. आडवे निजवून पाय वर धरावेत, भोवतालची गर्दी हटवावी. मिनिटभरात ते डोळे उघडते. पण ऐन उन्हात पळालेले किंवा कवायत केलेले मूल अंगाने तापलेले असेल, बरळत असेल किंवा डोळे उघडत नसेल, तर तो उष्माघात समजावा. तिथे घाम आहे की नाही हे पाहत बसू नये. कपडे सैल करून अंगावर भरपूर पाणी ओतावे, वारा घालावा आणि तसेच ओल्या अंगाने रिक्षात घालून सरळ सर्वोपचार रुग्णालयात न्यावे. माझ्यासारख्याच्या दवाखान्यात थांबून वेळ घालवू नये.